चक्रीचं पेटंट आणि माझं पत्रक

त्या चक्रीविरुद्ध पत्रक मीच लिहिलं होतं, आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. जत्रेत एका तंबूत आकड्यांची चक्री फिरायची. तिथून तार ओढून शेजारच्या दोन तंबूंत फळ्या लावलेल्या, त्यांवर निघालेल्या आकड्याचा दिवा लागायचा. माणसं चक्री न बघताच पैसे लावायची! माझं डोकंच फिरलं. तार कुठून जाते, कोणता दिवा कसा लागतो, सगळं नकाशासकट छापलं. मथळा दिला, 'न दिसणाऱ्या चक्रीवर घामाचा पैसा लावू नका.' खाली छापखान्याचं नाव, तारीख. एकूणएक प्रती वाटून टाकल्या. एखादी जपून ठेवावी एवढी अक्कल आम्हा कार्यकर्त्यांत कुणालाच नव्हती.

दोनेक वर्षांनी ती चक्री बनवणारा मिस्त्री माझ्या दारात उभा. हातात मुंबईच्या एका कंपनीची नोटीस. कंपनी जुगाराची यंत्रं बनवायची. तारेनं दूरच्या फळीवर आकडा उजळवण्याची युक्ती आमची, पेटंटचा अर्ज केलाय, तुम्ही काम थांबवा, असा एकंदर मजकूर.

आणि मिस्त्रीनं चक्री केव्हाच सोडली होती. धंतोलीतल्या एका डॉक्टरांसाठी तो तशीच फळी करत होता. आत डॉक्टरांनी बटण दाबलं की बाहेर पेशंटचा नंबर लागणार. खेड्यातून आलेल्यांची दारातली रेटारेटी संपणार.

"युक्ती माही, अन् मलेच म्हणते बंद कर," तो म्हणाला. "हे काम गेलं तर माहं शेड गेलं."

"मग माझ्याकडे कशाला आलात?"

"माह्याविरुद्ध तुह्याएवढं कोणी लिहिलं नाही वं. कामी पडशीन तर तूच."

मी एकटीच रामदासपेठेतल्या वकिलांकडे गेले. ते म्हणाले, "पेटंट नव्या गोष्टीलाच मिळतं. अर्जाआधी ही युक्ती छापून लोकांपुढे आली होती, एवढं दाखवा. मी हरकत घेतो."

छापली तर मीच होती! पण प्रत? छापखाना पालथा घातला, कार्यकर्त्यांची घरं धुंडाळली.

"जुगारवाल्याची वकिली करून राहिली काय वं?" एकानं टोमणा मारला.

"जुगाराला माझा विरोध आहेच," मी म्हटलं. "पण मिस्त्रीच्या डोक्यातलं उचलायचं आणि नोटीसही त्यालाच पाठवायची, ही कोणती सचोटी?"

प्रत मिळाली नाही. ते सांगायला कळमन्याच्या रस्त्यावरच्या मिस्त्रीच्या शेडमध्ये गेले, तर लेथ मशीनच्या वर लाकडी फळीला खळीनं चिकटवलेलं, तेलानं माखलेलं माझंच पत्रक!

"हे कशाला ठेवलंत?" मी ओरडलेच.

तो ओशाळला. "मले नकाशा काढता येत नाही. शिव्या तुह्या, पण नकाशा झकास. त्याच्यावरूनच तार जोडतो."

कागद सुटेना. फाटेल म्हणून आम्ही फळीच उचकटली आणि वकिलांच्या टेबलावर नेऊन ठेवली. खालची तारीख वाचून ते हसायलाच लागले. हरकत दाखल झाली, आणि काही महिन्यांत कंपनीनं अर्ज मुकाट्यानं मागे घेतला.

धंतोलीत डॉक्टरांकडे नंबरांची फळी लागली त्या दिवशी मी गेले होते. लुगड्याच्या पदरात नंबराची चिठ्ठी बांधलेली एक म्हातारी निवांत बाकावर बसलेली. नंबर लागला, उठली, आत गेली. कुणी ढकललं नाही.

मिस्त्री कानाशी म्हणाला, "आणखी दोन डॉक्टर मागून राहिले. याचाही नकाशा काढून दे ना वं. शिव्या नको टाकू पण."

"ते डॉक्टरांच्या फीवर ठरेल," मी म्हटलं, आणि कागद काढला.