शेवंतावहिनी आणि जिरणारी पन्नी

शेवंतावहिनीकडे कुणी बाजारातून काही आणलं की ती आधी वस्तू बघायची नाही, वरची प्लास्टिकची पन्नी बघायची. दोन बोटांत धरून ताणायची, कानाशी नेऊन चुरगाळायची आणि एक पट्टी फाडून कपडे वाळवायच्या तारेला बांधून टाकायची. "ऊन खाऊ दे तिले. मंग सांगतो कशी हाय थे." बोरी अरबला आमच्या भिंतीला भिंत लागून राहायची ती.

हा नाद तिला वांग्यांपायी लागला. दुकानात नवी पांढरी पन्नी आली होती, मातीत आपोआप जिरणारी म्हणे. वहिनीनं हौसेनं वाफ्यावर अंथरली, गावभर तारीफ केली. उन्हाळा सरल्यावर पाहते तर वरचा भाग पापडासारखा चुरलेला आणि मातीत दाबलेला काठ जसाच्या तसा. मग काय, धान्याची चाळणी घेऊन वाफा चाळत बसली. कुणी हसलं तर म्हणायची, "हासा. म्याच तं सांगतलं होतं चांगली हाय म्हून." त्या पन्नीत उन्हानं तुटायचं औषध घातलेलं असतं. त्यानं ती तुटते, जिरत नाही, हे तिला चाळता चाळता कळलं. वहिनीला जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

त्या वांग्यांनंतरचीच ही गोष्ट. ते कापसाचे वाईट दिवस. भाव पडलेले, म्हणून घरोघरी कापूस थांबवून ठेवलेला. आमची खोली भरली, उरलेला ढीग अंगणात, वर पन्नी. होळी आली तरी तसाच. आमचं सगळं वर्ष त्या ढिगात होतं बघा. एका सकाळी वहिनी विरजण मागायला आली आणि सवयीनं पन्नीला हात लावला. तुकडा हातातच आला.

"भाऊजी, हे कोनी आनली?" तिनं आमच्या ह्यांना विचारलं.

"म्या. नवी हाय. मातीत जिरते म्हने दुकानदार."

"जिरत नाही, भुगा होते. माह्या वाफ्यातून अजून निंघून राह्यला."

"तुमच्या वांग्याचं इथं काय काम?"

"वांगं धुवून खाता येते. कापूस धुवून इकान का?"

कापसात पन्नीचा कण दिसला तरी सरकी काढणारे जिनिंगवाले गाडी परत पाठवायचे. आणि पन्नी ओढून काढायला जावं तर चुरा थेट कापसात. तरी ह्यांचा हात पुढे गेलाच. वहिनीनं मनगट धरलं. "थांबा." मग मला म्हणाली, "सुमन, जुनी लुगडी आन. भिजव अन् थेंब निंघू नये अशी पीळ."

ओलसर लुगडं तिनं पन्नीवर अलगद पसरलं, तळव्यानं दाबलं. पन्नी त्याला चिकटली. मग दोन्हींची मिळून वळकटी करत आम्ही तिघं एकेक लुगडं घेऊन पुढे सरकलो. कापसाचा वरचा थर दोघींनी हातानं निवडून काढला. वहिनीनं आपल्या सरपणावरची काळी पन्नी आणून ढीग झाकला. "हिच्यात काजळी हाय, ऊन आत शिरत नाही. पन हे बी जिरनार नाही, ध्यानात ठेव. काम झालं का घडी करून ठेवाची."

पुढे जिनिंगचा माणूस आला. कोपरापर्यंत हात खुपसून त्यानं खालचा कापूस उपसला, उन्हाला धरला, पिंजला. पुन्हा दुसरीकडून काढला. मग गाडीवानाला म्हणाला, "भरा."

गाडी गेली आणि ह्यांनी मोकळ्या अंगणात खाट टाकली, भर दुपारी घोरायला लागले. मी उठवायला निघाले तर वहिनीनं पदर ओढून मला बसवलं. "झोपू दे वं त्यायले. थो मानूस कापूस पाहत होता तवा भाऊजी श्वास घ्याचंच इसरले होते."

दोघी तोंडाला पदर लावून हसत बसलो, ऊन ओट्यावर येईपर्यंत.