शेवटच्या वळणावरचा भंडारा

सोलापुरात माझ्या वयाचा कुणीही म्हातारा गाठा आणि मोटारींच्या शर्यतीचं नाव काढा. तो खुर्ची पुढे ओढेल, तुम्हाला चहा पाजेल आणि तासभर सोडणार नाही. त्यातले निम्मे त्या दिवशी गावातसुद्धा नव्हते. मी मात्र होतो. तळ्याच्या बांधावर, शेवटच्या वळणाशी, पहिल्या रांगेत होतो. हे सांगताना एके काळी माझी छाती फुगायची. आता कुणी विचारलं तर मी आधी आजूबाजूला कोण बसलंय ते बघून घेतो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

शर्यत झाली ती विसाच्या दशकाच्या शेवटी. गावात तेव्हा दोन मोटारमालक होते आणि दोघांच्याही उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारी मोहोळच्या रस्त्यावर धावायच्या. दोघांचं एकमेकांशी सवतीसारखं होतं. नव्या मोटारी त्या काळी रेल्वेने यायच्या त्या नुसत्या सांगाड्यानिशी. चार चाकं, इंजिन आणि स्टेअरिंग. बाक, टप, दारं सगळं इथले सुतार सागवानात बांधायचे आणि त्यात महिना-दीड महिना जायचा. त्या वर्षी दोघांच्याही नव्या मोटारी एकाच आठवड्यात मालधक्क्यावर उतरल्या. सुतारांकडे जाईपर्यंत दोन्ही मालकांना धीर निघाला नाही. कुणाची मोटार जोरात, याचा निकाल उघड्या सांगाड्यांवरच लावायचं ठरलं. आणखी तिघांनी आपल्या जुन्या मोटारींची मडगार्डं काढून उडी घेतली. गावाबाहेर एक तळं होतं, उन्हाळ्यात कोरडं ठणठणीत. त्याच्या भोवतीच्या गाडीवाटेने पाच फेऱ्या मारायच्या होत्या.

त्यातल्या एका मालकाकडे आमचा ड्रायव्हर होता, सांगोल्याकडचा, धनगराचा मुलगा. घरी मेंढरं होती, पण हा पठ्ठ्या लहानपणीच शहरात आला, गॅरेजात राबला आणि ड्रायव्हर झाला. बोलायला कमी, हसायला त्याहून कमी. पण मोटार अशी चालवायचा की बाकावर पेंगणाऱ्या म्हातारीची मान हलू नये. आम्ही त्याचे भक्त होतो. आम्ही म्हणजे मुख्यत्वे तिघं. मी गिरणीच्या हापिसात कारकून. दुसरा पूर्वभागातला एक विणकर, जो खूश झाला की मराठीतून आणि चिडला की तेलुगूतून बोलायचा. तिसरा स्टेशनजवळचा हॉटेलवाला. त्याच्याच हॉटेलात आमची बैठक असायची. तिघांचंही वय विशीच्या पुढे गेलेलं, दोघांची लग्नं झालेली, तरी अक्कल मात्र यायची राहिली होती.

शर्यतीच्या दिवशी आमच्या ड्रायव्हरला बसायला एक लाकडी खोका सांगाड्यावर बांधला होता. दोर विणकराने आणला होता आणि ही गोष्ट तो मरेपर्यंत लोकांना सांगत राहिला. रेडिएटरमध्ये पाणी मी ओतलं, हे मीही सांगत आलो. समोर काच नाही, बाजूला पत्रा नाही, पुढची दोन्ही चाकं उघडी फिरताना दिसायची. दुसऱ्या मालकाचा ड्रायव्हर शहरातला मुसलमान, वयाने मोठा आणि मुरलेला. त्याने डोळ्यांना धुळीचा चष्मा लावला होता. आमच्या माणसाला मालकाने तसलाच चष्मा देऊ केला, तर तो म्हणाला, "नगं. काचंतनं वाट दिसत न्हाय."

त्याचा बाप गावाहून आला होता. चार-पाच भाऊबंद, खांद्यावर घोंगडी, एक ढोल आणि म्हाताऱ्याच्या कमरेला बिरोबाच्या भंडाऱ्याची पिशवी. म्हाताऱ्याने आयुष्यात मोटारीत पाऊल टाकलं नव्हतं. मुलाने मेंढरं सोडली याचा राग त्याने कितीतरी वर्षं धरला होता आणि त्या दिवशी पहिल्यांदा तो मुलाचं काम बघायला आला होता. आम्ही त्याला बांधावर आमच्याजवळ उभं केलं. त्याने सांगून ठेवलं होतं, "जितल्याबिगर भंडारा काढायचा न्हाय. पोरगं खाली उतरलं की मग त्याच्या डोक्यावर टाकायचा."

पहिल्या फेरीत धुळीशिवाय काही दिसलं नाही. दुसऱ्या फेरीत एका जुन्या मोटारीचं पाणी उकळलं आणि ती वाफ सोडत बसली. तिसरीत एकीचं मागचं चाकच निघालं. ते चाक मोटारीच्या पुढे पळत सुटलं आणि माणसं शर्यत सोडून त्या चाकापुढे धावली. ही हकीकत सांगताना आजही आमचे श्रोते हसून लोटपोट होतात. चौथ्या फेरीअखेर तिसरी जुनी मोटार पार मागे पडली आणि आमची गाडी पुढे निघाली. नुसती पुढे नाही, चांगली बैलगाडी आडवी मावेल इतकी पुढे. एक फेरी राहिली होती, पण आमच्या लेखी शर्यत संपली होती. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. विणकर नाचत होता, हॉटेलवाल्याने टोपी उडवली आणि म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

तेव्हा कुणीतरी म्हणालं, "बाबा, तिकडं शेवटच्या निशाणाजवळ गर्दीत तुम्हाला शिरायलाच मिळायचं नाही. इथं वळणावर गाडी हळू होते. इथंच उधळा."

शर्यतीतल्या प्रत्येक गोष्टीला आमच्यात मालक आहे. दोर कुणाचा, पाणी कुणाचं, सुटलेलं चाक आधी कुणी बघितलं, यावरून भांडणं झाली आहेत. हे वाक्य मात्र बेवारस आहे. विणकर म्हणायचा हॉटेलवाला बोलला, हॉटेलवाला विणकराकडे बोट दाखवायचा. मी कुणाकडेच दाखवत नसे, कारण ते वाक्य मला जेव्हा जेव्हा आठवतं तेव्हा माझ्याच आवाजात आठवतं. 'हळू होते' हे शब्द गिरणीतल्या कारकुनाचे आहेत. विणकर किंवा हॉटेलवाला तसं बोलत नव्हते.

म्हाताऱ्याने जरा विचार केला. आम्ही शहरातली शिकलेली माणसं, त्याला वाटलं असेल, ह्यांना जास्त कळतं. त्याने पिशवी सोडली. गाडी वळणाशी आली तशी त्याने आणि भाऊबंदांनी ओंजळी भरभरून "बिरोबाच्या नावानं चांगभलं" म्हणत भंडारा उधळला. त्यांच्याकडे पालखीवर उधळतात तसाच, मन लावून. पालखीला डोळे नसतात आणि पालखी चालवायचीही नसते, हे त्या घटकेला एकाच्याही ध्यानात आलं नाही.

वारा आमच्याकडून गाडीकडे होता. पिवळा लोट उठला आणि त्यात ड्रायव्हर दिसेनासा झाला. तो लोटातून बाहेर आला तेव्हा त्याचा एक हात डोळ्यांवर होता. गाडी वळायची ती सरळ गेली, बांधावरून घसरली आणि खाली बाभळीत जाऊन थांबली. मागून दुसरी मोटार आली आणि निघून गेली. ढोल अजून वाजतच होता.

त्याला फार लागलं नव्हतं. आम्ही धावत गेलो तर तो पटक्याने तोंड पुसत होता आणि पटका पिवळा होत होता. जिंकलेला ड्रायव्हर निशाणाजवळ हार घालून न घेता आधी तिथे आला. त्याने आमच्या माणसाची हनुवटी वर केली, डोळे बघितले आणि विचारलं, "आँख में कुछ गया क्या रे?"

आमचा माणूस म्हणाला, "न्हाय. चाक घसरलं."

मालक आला, त्यालाही तेच सांगितलं. ज्या मोटारीने जिंकायचं ती ह्याने बाभळीत घातली, म्हणून मालकाने त्याला नव्या गाडीवरून काढला आणि दुधनीच्या रस्त्यावर पोती वाहणाऱ्या जुन्या खटाऱ्यावर टाकला. बाजारात लोक म्हणू लागले की ऐन वेळी त्याची छाती दडपली. आम्ही ते ऐकत होतो. भंडाऱ्याने घात केला, असं उघड म्हणायची सोय नव्हती. तो देवाचा प्रसाद. त्याला नाव ठेवणार कोण? ही सबब फार चांगली होती आणि आम्ही ती दोन्ही हातांनी धरली. खरं म्हणजे भंडाऱ्याचं नाव निघालं असतं तर पुढचा प्रश्न निघाला असता, की तिथं उधळायला सांगितलं कुणी.

म्हाताऱ्याने आपल्या परीने अर्थ लावला. देवाचा भंडारा अंगावर पडूनही पोरगं हरलं, म्हणजे देव पोरावर कोपला. मेंढरं सोडली त्याचा हा कोप. त्याने तिथल्या तिथे पायातल्या वहाणा काढून बाभळीच्या बुंध्याशी ठेवल्या आणि देवाची मर्जी परत बसेपर्यंत अनवाणी राहायचं बोलून तो गावी गेला.

तो वर्षातून दोन-तीनदा घोंगड्या विकायला बाजारात यायचा. सोलापूरचा उन्हाळा ज्याने पाहिलाय त्याला मी वेगळं काय सांगू? चैत्र-वैशाखात दुपारी जमिनीवर हात ठेववत नाही. त्या जमिनीवरून तो म्हातारा घोंगड्यांचं ओझं घेऊन चालायचा. एकदा मला राहवलं नाही. मी चांगल्या करकरीत वहाणा घेतल्या आणि त्याच्या हातात दिल्या. त्याने त्या उलटसुलट करून पाहिल्या, कपाळाला लावल्या आणि घोंगडीत बांधल्या. "लई ब्येस हायत," म्हणाला. "पोरावरचा कोप गेला की घालतो."

मला तेव्हा बोलता आलं असतं. बाबा, देवबीव काही नाही, हळद डोळ्यांत गेली, आणि ती टाकायला आम्ही सांगितलं. एवढंच तर होतं. मी त्याला चहा घ्या म्हणालो. तो म्हणाला नको, आणि पुढे गेला.

इकडे शर्यतीची गोष्ट वाढत होती. गोष्ट सांगायचं काम माझं. पाळी सुटली की गिरणीतली माणसं हॉटेलात यायची आणि कुणीतरी म्हणायचं, "शर्यत सांगा की." मी सांगायचो. हँडल कसं मारलं, धूर कसा निघाला, चाक कसं पळालं. शेवटच्या वळणाशी आलो की म्हणायचो, "आणि टायर बसलं." टायर बसलं हे आम्ही तिघांनी न ठरवता ठरवलं होतं. त्यात ड्रायव्हरची अब्रू राहते, असं आम्ही एकमेकांना सांगत असू. राहत होती ती आमची.

अशी दहाएक वर्षं गेली. महायुद्ध सुरू होण्याआधीचा उन्हाळा असेल. दुपारची वेळ होती, मी रंगात येऊन सांगत होतो आणि शेवटच्या वळणापर्यंत पोचलो होतो. सगळ्यांची नजर दाराकडे गेली म्हणून मी वळून पाहिलं. आमचा ड्रायव्हर दारात उभा होता, डोकं भादरलेलं. म्हातारा गेला हे सांगावं लागलं नाही. माझी गोष्ट तशीच अर्धवट लोंबकळत राहिली.

"सांगा की," तो म्हणाला. "थांबला कशापायी?"

"टायर बसलं," मी म्हणालो.

त्याने मान हलवली आणि बाकावर बसला. श्रोते एकेक करून निघून गेले. विणकर आणि हॉटेलवाला येऊन आमच्या टेबलाशी बसले. चहा आला तो त्याने बाजूला सरकवला. मग म्हणाला, "तुमी सगळ्यांस्नी टायर सांगता, मला म्हाईत हाय. मी बी चाक सांगितलं. भंडाऱ्याचं नाव कुनीच काढलं न्हाय."

त्याने कप जवळ ओढला.

"म्हाताऱ्याला कळलं असतं की आपल्याच हातानं पोराचं डोळं भरलं, तर त्यो त्याच वर्साला गेला असता. द्येव कोपला म्हनला, अनवानी फिरला, पर जगला. तुमच्या डोळ्यादेखत सगळं झालं, तरी दहा वर्सं तुमी त्वांड आवळून धरलं. सख्खं भाऊ धरनार न्हाईत. त्येवढंच सांगायला आलो. लई उपकार झालं."

आमच्या भित्रेपणाला कुणी इतका मान दिला नव्हता. मला वाटलं आता विणकर बोलेल. विणकराला वाटलं असावं मी बोलेन.

"योक गोस्ट मातुर कळली न्हाय," तो पुढे म्हणाला. "म्हातारा उतावळा न्हवता. जितल्याबिगर पिशवी सोडायचा न्हाय असं घरनं बोलून निघाला हुता. मरताना बी मी इचारलं, तितं कशी काय सोडली? तर म्हनला, कुनीतरी चांगल्या मानसानं सांगितलं."

हॉटेलवाला उठून उगाच भट्टीपाशी गेला. विणकराने मान खाली घातली. ड्रायव्हर माझ्याकडे बघत होता. संशय म्हणून नाही, मी गोष्ट सांगणारा, मला सगळं ठाऊक, म्हणून.

"गर्दी फार होती," मी म्हणालो.

"व्हय," तो म्हणाला. "गर्दी लई हुती."

मग त्याने पिशवीतून एक फडकं काढलं आणि ते माझ्यापुढे टेबलावर सोडलं. आत मी दिलेल्या वहाणा होत्या. तेल लावून जपलेल्या, तळ कोरा.

"ज्याच्या त्याला परत द्या म्हनला हुता," तो म्हणाला. "घातल्या न्हाईत. पर देनाऱ्याचं नाव घ्यायचा रोज. म्हनायचा, त्यो चांगला मानूस हाय."