कड्याखालचा देठ

जर्मनीत कार्ल्सरूहेला मुलाकडे राहायला आल्यावर स्नेहलताबाईंना घरात हात घालायला कामच उरलं नाही. भांडी मशीन घासायचं, गाजरंसुद्धा सोललेली मिळायची. साताऱ्याला एकहाती पंगती उठवलेली ही बाई दिवसभर खिडकीत बसून ट्राम बघायची.

म्हणून २००६च्या सप्टेंबरात, जंगलात फिरताना बीच नावाच्या झाडाच्या एका खुंटावर तपकिरी अळंब्यांचे झुबके दिसले, तेव्हा त्यांचे हात शिवशिवले.

"आई, ते खाऊन सगळे हॉस्पिटलात जाऊ. मी तर शिवणारही नाही," प्रणव म्हणाला. पण सून मीनलने सांगितलं, दर रविवारी एक जाणकार गृहस्थ लोकांच्या टोपल्या फुकट तपासून देतात. स्नेहलताबाईंनी मनाशी ठरवलं, आपण वेचलेलं एकदा तरी या घराच्या ताटात पडलं पाहिजे.

पहिल्या रविवारी त्यांनी अळंबी मेथीसारखी निवडली. देठ खुडले, टोप्या धुतल्या, पंच्यावर कोरड्या केल्या आणि स्टीलच्या डब्यातून नेल्या. परक्या माणसापुढे न निवडलेली भाजी कशी ठेवायची!

टोपल्या तपासणारे हेर, म्हणजे श्रीयुत, ब्रेनर सत्तरीचे, निवृत्त पोस्टमन. त्यांनी डबा उघडला आणि मीनलला जर्मनमध्ये काही विचारलं. "देठ कुठे आहेत, विचारतायत," मीनल म्हणाली.

"टाकले की! देठ कोण खातं?"

हेर ब्रेनर खो खो हसले आणि डबा कचऱ्याच्या बादलीत रिकामा केला. मग दोन अळंब्या शेजारी ठेवून त्यांनी दाखवलं. टोप्या अगदी जुळ्या, देठावरचं कडंही सारखं. पण कड्याखाली एकीचा देठ खवल्यांनी खरखरीत, ती खायची. दुसरीच्या देठावर नुसते रुपेरी धागे. ती यकृत निकामी करते, आणि शिजवूनही तिचं विष जात नाही.

पुढचे तीन रविवार स्नेहलताबाई त्यांच्या टेबलाशी बसून लोकांच्या टोपल्या बघत राहिल्या. पाचव्या रविवारी स्वतःची टोपली घेऊन गेल्या. देठ, माती, सगळ्यासकट. वर्तमानपत्रावर एकेक अळंबी मांडता मांडता त्यांचा हात थबकला. हेर ब्रेनर अजून चष्मा पुसत होते.

"ही नाही," त्या म्हणाल्या.

हेर ब्रेनरनी भिंग लावून ती उलटसुलट केली. "गेनाऊ!" अगदी बरोबर, असं ते ओरडले आणि त्यांनी स्नेहलताबाईंचा हात जोरजोरात हलवला.

"मीनल, विचार त्यांना, हिचा चुरा बाकीच्यांत पडला असेल ना गं?"

"पडला असेलच, म्हणतायत."

स्नेहलताबाईंनी वर्तमानपत्राची चारी टोकं उचलली आणि सगळं बादलीत ओतलं.

"अहो आई, दोन तास वेचत होतात!"

"आणखी दोन तास वेचीन. प्रणवचं यकृत कुठून आणू?"

घरी प्रणवने रिकामी टोपली पाहिली. "काय, नापास?"

मीनलने सगळं सांगितलं. त्याने टोपली नेऊन गाडीच्या किल्ल्यांशेजारी ठेवली. मग म्हणाला, "आई, पुढच्या रविवारी मी गाडी काढतो. तू पास केलेलं मी खाईन."

"शिवणार नव्हतास ना?"

"आता वाढशील तेवढं खाईन."

"मग सहाला उठायचं. लोळत पडलास तर तुला टाकून जाऊ आम्ही," असं दटावून स्नेहलताबाई उठल्या आणि घरात मोठी कढई आहे का, ते बघायला स्वयंपाकघरात शिरल्या.