सोनकी बघायला डोलीतून

गणपती उठले आणि सुमनने धोशा लावला, सोनकी बघायला जायचं. पुढच्या आठवड्यात तिच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. जोखीम मोठी आहे, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. फुलं काय बागेतही असतात, मी कुरकुरलो. पण ती जुन्नरकडच्या राजुरीची पोर. लहानपणी वडिलांबरोबर डोंगरावर पाहिलेली पिवळी रानफुलंच तिला हवी होती. बायकोपुढे कुणाचं काही चाललंय का?

जुन्नरला मी मासवडी (बेसनात तीळ-खोबऱ्याचं सारण भरून केलेली वडी) रश्शाबरोबर हाणली. तिने पथ्याची भाकरी खाल्ली. लेण्याद्री मागे पडलं, भातखाचरं लागली आणि एका वाडीपाशी गाडी चिखलात रुतली. ढकलायला वाडीतले बबनभाऊ धावून आले. जय भीम झाला, घरी नेऊन त्यांनी चहा पाजला. सोनकी कुठे दिसेल विचारलं, तर त्यांनी घरामागच्या उभ्या चढाकडे बोट दाखवलं. सुमनचा चेहरा पडला. तिला जिनाही चढायची बंदी होती.

"परत फिरू," मी म्हणालो.

"परत कशापाई, पावणं? डोली हाय की."

डोली म्हणजे बांबूला बांधलेली घोंगडी. पावसात रस्ता तुटला की वाडीतलं आजारी माणूस, अडलेली बाळंतीण तिच्यातूनच दवाखान्यात जाते. बबनभाऊंनी तिघांना हाक मारली. चौघांनी बांबूला खांदा दिला, तेव्हा मी नजर दुसरीकडे वळवली.

बबनभाऊंच्या आई दारात उभ्या होत्या. "आजवर ही डोली खालीच गेली," त्या म्हणाल्या. "फुलं बघाया कुनी वर न्हेलं न्हाई. नीट न्या रं लेकीला."

वर पठारभर सोनकी फुलली होती. एकेक फूल बघावं तर साधंच, सूर्यफुलाचं धाकटं भावंड. पण नजर जाईल तिथवर तेच. सुमनला त्यांनी अलगद मधोमध बसवलं. तिने एकही फूल तोडलं नाही, नुसता हात फिरवत राहिली. तंबाखू मळत चौघेही टेकले.

"रोज तुडवतो राव आमी ही," बबनभाऊ म्हणाले. "बसून कदी बघितली न्हाई. लई ग्वाड दिसती."

माझे डोळे भरून आले. उपकार कसे फेडावेत कळेना, नुसते हात जोडले.

परतताना गाडीत मी तिला विचारलं, "भीती वाटते का गं?"

"वाटते की. पण चौघांच्या खांद्यावरून गेलेलं माणूस माघारी येत नाही म्हणतात," सुमन म्हणाली. "मी तर फुलं बघून आले."