नवसाचा कोंबडा

तलासरीकडच्या एका उपकेंद्रात मी नर्स. नवी साथ आली तर ती आधी पाड्यावर दिसली पाहिजे, म्हणून घरोघरी जाऊन ताप आहे का, कोंबड्या मेल्या का, विचारत फिरायचं. डहाणूच्या ट्रेनिंगला साहेब घसा फोडून सांगायचे, लोकांना बोलतं करा. केलं की बोलतं! एका म्हातारीला दर फेरीला गोडीगुलाबीने विचारून मीच बोलतं केलं. खुराड्यात कोंबड्या माना टाकताहेत, असं तिने सांगितलं.

मी कळवलं. नमुने गेले, बर्ड फ्लू निघाला आणि पांढरे झगे घातलेली माणसं गोण्या घेऊन पाड्यात शिरली. आजारी असो की धडधाकट, सगळ्या कोंबड्या मारून चुन्याच्या खड्ड्यात. त्यात म्हातारीचा नवसाचा कोंबडाही गेला. सुनेचं बाळंतपण सुखरूप होऊ दे म्हणून तिने तो देवीला बोलला होता. भरपाई मिळाली म्हणे. नवसाची भरपाई कोणत्या खात्याकडे मागायची, ते साहेबांनी सांगितलं नव्हतं. शिवाय पाड्यातल्या बायका तिलाच शिव्या घालत होत्या, तिच्या तोंडामुळे सगळ्यांची खुराडी रिकामी झाली म्हणून.

थंडीत पाड्यात ताप सुरू झाला. मला कोण सांगणार? दारोदार एकच उत्तर, सगळं बरंय. म्हातारीच्या सुनेला सातवा लागला होता. तिला तपासायला गेले तर म्हातारी दार अडवून उभी. सून माहेरी गेलीय म्हणाली. आतून खोकल्याची उबळ ऐकू येत होती. मी अक्षरशः हात जोडले, घशातला नुसता नमुना घेऊ दे म्हटलं. नमुना म्हटल्याबरोबर तिने दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना घेऊन गेले तर दाराला कुलूप. सुनेला जीपमध्ये घालून हद्दीपलीकडे गुजरातेत नेलं होतं. पोटातल्या बाळासकट गेली बिचारी. कशाने गेली, ते आमच्याकडे कोणाला कळलं नाही, आता कळणारही नाही. पाड्यात खोकला चालूच आहे. आणि मीटिंगमध्ये आम्हाला शाबासकी, का तर कागदावर आमच्या भागात ताप नाही! कपाळ फोडून घ्यावंसं वाटलं.

दिवसकार्य झाल्यावर मी गेले. म्हातारी ओट्यावर बसली होती. या खेपेला मी काहीच विचारलं नाही. तीच म्हणाली,

“ताप होता, सिस्टर. आता सांगायला हरकत नाही. आता घरातून न्यायला काही उरलं नाही.”