दोन ब्रेकरांमधली लाल गाडी

निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी रविवारी सकाळी वर्ध्यालगतच्या सिंदी मेघेतल्या माझ्या घरासमोरून मोठ्या आवाजाची गाडी गेली की हातातला पेपर खाली येतो आणि मला शाळेजवळचा तो अपघात दिसतो.

मी तेव्हा जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. रविवारी आठच्या सुमारास ठाणे अंमलदाराने फोन घेतला. देवळी रस्त्यावरच्या एका गावात लाल स्पोर्ट्स कारने सायकलवाल्याला उडवलं आणि गाडी पळाली, अशी खबर होती. खबर देणारा गावातलाच पिकअपवाला. जखमीला त्यानेच आपल्या गाडीत घालून वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं होतं. जखमी म्हणजे शाळेचा निवृत्त शिपाई. खुब्याचं हाड मोडलेलं, शुद्ध नाही.

नाकाबंदीत अशा सहा गाड्या मिळाल्या. नागपूरचे हौशी लोक, रविवारी पहाटे निघायचं, कुठेतरी नाश्ता करायचा आणि परतायचं, असा त्यांचा शिरस्ता. लाल गाडी एकच. तिच्या पुढच्या बंपरखाली ताजं घासलेलं होतं. मला तेवढं पुरेसं वाटलं.

चालवणारा पोरगा गॅरेजवाल्याचा. अपघातात चेपलेली गाडी स्वस्तात घेऊन बापलेकांनी तीन वर्षं खपून उभी केली होती.

"बंपर कुठे घासला?"

"ब्रेकरवर, साहेब. गाडी खाली आहे ना, घासतेच."

"आणि माणूस?"

"माणूस नाही, साहेब. आईशपथ." मग हळूच म्हणाला, "मला मोटार वाहन निरीक्षकाची नोकरी लागली आहे. चारित्र्य पडताळणी बाकी आहे. घरात पहिलाच शिकलो मी."

घरात पहिला शिकलेला मीही होतो. माझ्या पडताळणीच्या वेळी वडील दोन दिवस ठाण्याबाहेर उभे राहिले होते. तरीही मला दया आली नाही, राग आला. सायकलवर कॉलेज केलेल्या माणसाला अशा गाड्यांचा राग पटकन येतो, हे आज कबूल करतो. अटकेचे कागद तयार करायला सांगितले आणि घटनास्थळ पंचनाम्यासाठी त्याला गाडीसह गावात नेलं.

शाळेच्या दोन्ही अंगाला ब्रेकर. गावकऱ्यांनी स्वतः घातलेले, गुडघाभर नाही तरी निम्मे खरेच. दोन्हींत साठ पावलांचं अंतर, आणि सायकल बरोबर मध्ये पडली होती. पोराने ब्रेकरपाशी गाडी थांबवली, उतरून खाली वाकून पाहिलं, मग एकेक चाक चढवत तिरपी काढली. तरी पोट घासलंच.

शेजारी चहाची टपरी. टपरीवाली मावशी पदराने तोंड झाकून हसत होती.

"काय झालं, मावशी?"

"काई नाई साहेब. सकायी बी असंच. बाळंतीण बसवल्यावानी नेत होते गाड्या! मी म्हटलं, काऊन बाप्पा, एवढ्या मोठ्या गाड्या अन् ब्रेकरले भेतात?"

"मग हे सकाळी का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलंच कुठं? तुमचा शिपाई आला अन् म्हणे, लाल गाडी कोन्या बाजूनं पळाली. मी बाजू सांगतली. धडक काई मले दिसली नाई, मी चुलीपाशी होती."

ठाण्यात परतून जप्त केलेली सायकल पुन्हा पाहिली. हँडल आणि सीट चेपलेली, पॅडल मात्र शाबूत. लाल गाडीचं नाक पॅडलच्या उंचीचं. धडक वरून बसली होती, उंच गाडीची.

तिथे उंच गाडी होती ती खबर देणाऱ्याचीच, म्हणून पिकअपवाल्याला बोलावलं. दिवसभर सगळं गाव त्याची वाहवा करत होतं. मी एवढंच म्हणालो, "सकाळी काय काय झालं, सांग." तो लाल गाडीबद्दल बोलला, दवाखान्याबद्दल बोलला, मग थांबला. शेवटी त्याने खिशातून मोबाइल काढून टेबलावर ठेवला.

"गाडी चालवता चालवता व्हिडिओ काढून राह्यलो होतो, साहेब. समोरून येऊन राह्यल्या होत्या त्या गाड्या. बुढा बी पाहाले थांबला होता, मले दिसलाच नाई."

व्हिडिओत लाल गाडी ब्रेकरवरून तिरपी, मुंगीच्या चालीने उतरत होती. मग एक आवाज, आणि पडदाभर आभाळ.

"हा पुसून का नाही टाकलास?"

"गाडी लय मस्त आली होती त्याच्यात," तो म्हणाला आणि रडायला लागला.

गुन्हा त्याच्यावर लागला. जखमीला त्याने वेळेत नेलं, हेही मी दोषारोपपत्रात लिहिलं, कारण तेही खरं होतं. चार दिवसांनी म्हातारा शुद्धीवर आला. काय आठवतं विचारल्यावर म्हणाला, "लाल गाडी लय झ्याक होती."

अटकेचे कागद मी त्या रविवारी संध्याकाळीच पोरासमोर फाडले होते. त्याने विचारलं, "साहेब, पडताळणीत काही येणार नाही ना?" मी म्हटलं, "नाही." माफी मागायला हवी होती, ती राहून गेली.

तपासात खोटं बोलणारा माणूस एक ना एक दिवस सापडतो. पण उत्तर पोटात ठेवून विचारलेला प्रश्न खऱ्या माणसालाही गप्प करतो, आणि तो प्रश्न त्या दिवशी माझ्या ठाण्यातून गेला होता. त्यानंतर निवृत्तीपर्यंत साक्षीदाराला माझा पहिला प्रश्न एकच असे: काय पाहिलंत? मावशीने शिकवलेला.