वाटीनं बसवलेलं टेंगूळ

दिवाळीआधी आमच्या डोंबिवलीच्या घरात पंखे पुसायचं काम ह्यांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं. स्टुलावरून पाय सटकला आणि डोकं कपाटाच्या कडेवर आपटलं. रक्त नाही, चक्कर नाही, फक्त टेंगूळ. मी स्टीलची वाटी आणून त्यावर घट्ट दाबून धरली. माझ्या आईनं आम्हा भावंडांची टेंगळं अशीच बसवलेली. वर बोललेही, "वय काय आपलं, चढता कुठे!" संध्याकाळपर्यंत टेंगूळ बसलं आणि माझ्या लेखी विषय संपला.

हृदयासाठी ते रक्त पातळ करणारी गोळी घ्यायचे. त्या दिवशीही ती मीच हातावर ठेवली.

तीनेक आठवड्यांनी डोकं दुखायला लागलं. दुपारी झोपले की हलवल्याशिवाय उठेनात. चालता चालता उजव्या पायातली चप्पल निसटायची आणि त्यांना पत्ताच नसायचा. मी चिडायचे. रिटायर झाल्यापासून अंगात आळस भरलाय, म्हणायचे. माझी जीभ पहिल्यापासून तिखट.

नेहमीच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "एवढ्यात डोक्याला मार लागला होता का?"

मी ठामपणे नाही म्हणाले. खोटं नाही बोलले हो, आठवलंच नाही. माझ्या हिशेबी मार म्हणजे रक्त आणि टाके. डोकेदुखीच्या गोळ्या घेऊन घरी आलो. चप्पल निसटते हेही मी सांगितलं नाही. तो आठवडा मी वाया घालवला.

मग एका सकाळी त्यांना चहा हा शब्दच सापडेना. स्कॅनमध्ये कवटीच्या आत रक्त साचलेलं दिसलं. ठाण्याच्या डॉक्टरांनी समजावलं, की उतारवय आणि त्यात ती गोळी, म्हणजे साध्या आपटण्यानंही आतली शीर फुटते. रक्त हळूहळू साचत जातं आणि मेंदूला दाबतं. बाहेर काही दिसत नाही.

ऑपरेशन झालं. चालणं आलं, बोलणंही बरंचसं आलं. पण ते आता कशालाही हो म्हणतात. शेजारीण म्हणते, नशीबवान आहेस. तिला काय सांगू?

लग्नापासून ह्यांनी कारल्याला हात लावला नव्हता. एकदा पानात वाढलं तर ताट सरकवून उठून गेलेले. परवा मी मुद्दाम कारलं केलं. त्यांनी मुकाट्यानं संपवलं. ओरडा माझ्यावर, असं मनात म्हणत मी आणखी वाढलं. तेही त्यांनी खाल्लं.